वऱ्हाडाला गड दाखवणारी डोली

मित्रांनो, लोहगडवाडीत कोंडूच्या गोठ्यात शिरून वर पाहिलंत, तर आढ्याला टांगलेली एक लाकडी खुर्ची दिसेल. हल्ली तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. ती खुर्ची म्हणजे मी, डोंगरावर माणसं वाहून नेणारी डोली. माझ्या बैठकीचा काथ्या तुटला आहे, पण माझं लाकूड अजून शाबूत आहे.

भाजे गावच्या भिमाजी सुताराने मला जांभळाच्या लाकडातून घडवलं. दांडा कळकाचा. तो कोंडूने स्वतः बांबूच्या बेटातून निवडून आणला आणि चुलीच्या धुरावर टांगून पक्का केला. त्या दांड्याला मला दोरांनी अडकवायचं, मग पुढचं टोक कोंडूच्या खांद्यावर आणि मागचं त्याचा भाऊ कान्हू याच्या खांद्यावर, अशी माझी चाल होती.

आमच्या मावळात वैशाखात लग्नांची धांदल असते. लांबलांबची वऱ्हाडं आगगाडीने मळवलीला उतरत. लग्न लागलं की पाहुण्यांना भाज्याची लेणी दाखवायची, इंद्रायणीवर न्यायचं, गडावर जेवण द्यायचं, ही यजमानांची हौस. तरणी माणसं गड चढून जात आणि म्हातारी मांडवात बसून राहत. त्या म्हाताऱ्यांना गड दाखवावा म्हणूनच कोंडूने मला करवून घेतलं होतं.

पण पहिली काही वर्षं एकही म्हातारी माझ्यात बसली नाही. एक तर परक्या पुरुषांनी उचलायचं, याची लाज. दुसरं म्हणजे, माणसाने खांद्यावरून एकदाच जायचं असतं, जिवंतपणी तसं जाणं अशुभ, असं सगळ्या म्हणत. माझ्या वाट्याला यायचे ते लोणावळ्याला हवा खायला आलेले साहेब आणि जाडजूड व्यापारी. ते बसत, उतरत आणि मागे वळून बघतही नसत.

मग सन एकोणीसशे छत्तीसच्या वैशाखात भाज्याच्या सोपानच्या लेकीचं लग्न झालं. वऱ्हाड सोलापूरकडचं होतं. नवरदेवाचे वडील हौशीराम, आणि त्यांची थोरली बहीण कस्तुराबाई. या बाई फार वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या होत्या. तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नव्हता. काठी टेकत चालायच्या.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सोपानने जाहीर केलं, "पाव्हणं, आज गड दावतो. जेवायचं वरच. गरम पिठलं, भाकरी!"

मांडवात उत्साह पसरला. हौशीराम बहिणीला म्हणाले, "अक्का, तू हितंच बस. पेट्या, गाठोडी सांभाळ."

कस्तुराबाईंनी काठी आपटली. "हौशा, तुझ्या लग्नात मी गाठोडीच सांभाळली. आपण जेजुरीला गेलो, तुमी सगळी वर गेलात आणि मी पायथ्याला चपला राखल्या. आता बास! मी गड बघणार."

"अगं, तुला चालवंल का?"

"न्हाई चालवत. म्हणून काय बघूबी नये?"

सोपान विचारात पडला आणि त्याने वाडीला सांगावा धाडला. उन्हं चढायच्या आत कोंडू आणि कान्हू मला घेऊन भाज्यात हजर झाले. बरोबर कोंडूची बायको बायडाबाई होती. वर जाऊन पाहुण्यांसाठी भाकऱ्या ती थापणार होती. तिच्या डोक्यावर पीठ, तवा, कांदे यांची टोपली.

मला पाहून मांडवातली एक म्हातारी कळवळली, "अगं बाई, जित्या माणसानं खांद्यावर जाऊ नये!"

कस्तुराबाई माझ्यात बसत म्हणाल्या, "मेल्यावर खांद्यावरनं गेले तर मला काय दिसणार हाय? आत्ताच जाते. डोळं तरी उघडं असतील."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटाच आला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी मनापासून आपलंसं केलं होतं.

आम्ही निघालो. खिंडीपर्यंतची चढण कोंडू-कान्हूने सहज काढली. वाटेत करवंदांच्या जाळ्या लागल्या. कस्तुराबाई बसल्या बसल्या हात घालून करवंदं तोडत होत्या आणि लहान मुलीसारखं तोंड काळंनिळं करून घेत होत्या. मग गडाच्या पायऱ्या सुरू झाल्या. पहिला दरवाजा पार झाला. दुसऱ्या दरवाजाच्या वळणावर मात्र कोंडूच्या पायाखालचा धोंडा निसटला. मी एका अंगाला कलले. खाली दरी होती. कस्तुराबाईंनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कान्हूने गुडघा टेकून मला पाठीमागून अडवलं. कुणाला लागलं नाही, पण कोंडूचा घोटा बघता बघता टम्म सुजला. त्याला पाऊल टेकवेना.

वऱ्हाड थांबलं. हौशीराम खाली वाकून म्हणाले, "अक्का, झालं एवढं पुष्कळ झालं. तू या सावलीत बस. आमी वर जाऊन येतो. तुझं जेवण हितं धाडतो."

कस्तुराबाई माझ्यातून उतरल्या. काठी बाजूला ठेवली. चढाकडे पाठ करून पायरीवर बसल्या, दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकले आणि अंग उचलून त्या पायरीवर गेल्या. मग पुढच्या. मग त्याच्याही पुढच्या. दगड तापलेले होते. तळवे लाल झाले, लुगडं धुळीने माखलं, पण त्या थांबेनात. माणसं नुसती बघत राहिली.

बायडाबाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. पदराची चुंबळ करून खांद्यावर घेतली आणि माझ्या दांड्यापाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, या. बसा."

कोंडू पायरीवरूनच ओरडला, "बायडे, तुला न्हाई जमायचं!"

"रोज लाकडाची मोळी घिऊन खिंड कोण चढतं? तुमी?"

हौशीराम मध्ये पडले. "बाईच्या खांद्यावर? न्हाई न्हाई! लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणतील, लय चांगली बाई हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "आणि तुला एवढंच वाटत असंल तर तिची टोपली तू उचल. भाकरी सगळ्यांनाच खायची हाय."

हौशीराम गोरेमोरे झाले. डोक्यावर वराच्या बापाचा भगवा फेटा होता. त्यांनी एकदा बहिणीच्या तळव्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने फेटा सोडून त्याचीच चुंबळ केली. टोपली डोक्यावर चढली. सोपान धावत आला, "अवो व्याही, हे काय! द्या हिकडं!"

"असू द्या सोपानराव," हौशीराम म्हणाले. "आमच्या अक्कानं जन्मभर ओझी राखली. मी आज एक नेतो."

एक पाहुणा कोंडूला आधार देत खाली घेऊन गेला. काठी कस्तुराबाईंच्या मांडीवर, पुढे बायडाबाई, मागे कान्हू, अशी मी पुन्हा उचलली गेले. त्या खांद्याची चाल वेगळी होती. कोंडू झटका देऊन पायरी घ्यायचा. बायडाबाई आधी पाऊल टेकून बघायची, मगच भार टाकायची. तिचा श्वास फुले, ती थांबे, घाम पुसे आणि पुन्हा खांदा देई. "उतरू का गं?" असं कस्तुराबाईंनी विचारलं की म्हणायची, "बसा वो. आता वरच उतरायचं."

शेवटचा दरवाजा ओलांडला आणि वारा अंगावर आला. समोर विसापूर, तिकडे तुंग, तिकोना, खाली पवनेचं खोरं. कस्तुराबाई काठी टेकत पुढे गेल्या. त्यांनी एकेका डोंगराचं नाव विचारलं, मोठ्याने म्हणून पाहिलं.

तिथेच तीन दगडांची चूल पेटली. तांदळाच्या पांढऱ्या भाकऱ्या पाहून सोलापूरकर चेष्टा करू लागले, "आवं, जवारी कुठंय?" आणि बोलता बोलता सगळ्या फस्त केल्या. तव्यावरची शेवटची भाकरी कस्तुराबाईंनी आपल्या हाताने बायडाबाईच्या पानात वाढली, वर कांदा फोडून दिला आणि तिचं होईपर्यंत शेजारून उठल्या नाहीत. उतरताना हौशीराम माझ्या काठावर हात ठेवून अगदी लगटून चालले.

ही गोष्ट गावोगाव गेली. पुढच्या वैशाखापासून वऱ्हाडातल्या बायका विचारू लागल्या, "बायडाबाई हाय का? मग मी बसते." लाज गेली, अपशकुनही गेला. कुणाची आजी, कुणाची मावशी, एकदा तर हातावरची मेंदी न वाळलेली लंगडी नवरी. मला झेंडूच्या माळा बांधल्या गेल्या. ते माझे वैभवाचे दिवस.

मग काळ पालटला. कान्हू रेल्वेच्या कामावर लोणावळ्याला गेला. बायडाबाईचा खांदा दुखू लागला. पाहुणेही मोटारीने वळवणचं तळं बघून परतू लागले, गडाचं नाव कुणी काढेना. मी आढ्याला गेले.

मित्रांनो, मला मोडून चुलीत घालू नका. थोडा नवा काथ्या विणलात, तर मी आजही भार पेलीन. तुमच्या घरीही एखादं माणूस असेल, ज्याला "येतेस का?" असं कुणी विचारतच नाही. त्याला विचारा. ते हो म्हणालं, तर वाट अवघड आहे असं सांगत बसू नका. खांदा द्या आणि चढायला लागा.