बिनखिडकीचा पडदा

मी एक पडदा बोलतोय. पडदा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे खिडकी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. माझ्या मागे खिडकी कधी नव्हतीच. माझ्या मागे शैलजाचेची, म्हणजे आपली शैलजाताई, आणि तिचा नवरा विजयन राहायचे.

पण सुरुवातीपासून सांगतो. शारजात रोलाच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात मी ताग्यात गुंडाळलेला पडून होतो. फिकट पिवळा रंग, त्यावर मोठाली निळी फुलं. एका संध्याकाळी सुबैर आला. किराणा दुकानात पोती उचलणारा माणूस, खांद्यावर पिठाचे पांढरे डाग तसेच. त्यानं सगळे तागे चाचपून पाहिले आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"केवढा फाडू?" दुकानदारानं विचारलं.

"भिंतीएवढा."

दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही. त्या बाजारात भिंतीएवढे पडदे रोज खपतात.

मला घेऊन तो एका जुन्या इमारतीत आला. फ्लॅट कुरियन अच्चायन नावाच्या केरळी गृहस्थानं भाड्यानं घेतलेला. एका खोलीत तो स्वतः बायकामुलांसह राहायचा, दुसरीत चार ब्रह्मचारी ठेवले होते, आणि हॉलचे दोन भाग करून दोन जोडप्यांना दिले होते. मधे खरी भिंत घातली तर पालिकेची माणसं येऊन पाडतात. पडद्याला कोण काय म्हणणार? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार ओढली आणि मला टांगलं. माझी सुलटी बाजू सुबैरच्या वाट्याला आली, उलटी शैलजाचेचीच्या.

"वा!" चेची पलीकडून म्हणाली. "फुलं सगळी तिकडे, आणि आम्हाला नुसते दोरे?"

"चेची, नवी नवरी येतेय. तिला असू देत."

"सात वर्षांची नवी नवरी!" विजयन हसला.

ते खरं होतं. सुबैर आणि रम्लाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, पण संसार सगळा मिळून सुट्ट्यांमधल्या काही महिन्यांचा. बाकीचा फोनवर. इतके दिवस सुबैर एका खोलीत दुमजली पलंगाच्या खालच्या बाकावर झोपायचा. पण केरळात तिरूरजवळच्या त्याच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की सुबैरचा शारजात फ्लॅट आहे. आखातात गेलेला माणूस घरी कधी सांगत नाही, की आपण कुठे झोपतो. त्याच्या बापानं सांगितलं नव्हतं, मामानं सांगितलं नव्हतं, मग हा तरी कसा सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

रम्ला आली. दारात चपला काढल्या, ब्रह्मचाऱ्यांच्या बुटांची रांग पाहिली. पलंग, कपाट, कोपऱ्यातली तिची बॅग, एवढ्यानंच जागा भरून गेली. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा खुलला.

"पडदा मात्र छान आणलात, इक्का," ती नवऱ्याला म्हणाली आणि मला सारायला पुढे आली. "बाहेर काय दिसतं?"

सुबैरनं घाईनं तिचा हात धरला. "नको. पलीकडे माणसं राहतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या वेळी ती रडेल असं मला वाटलं. पण पलीकडून शैलजाचेचीनंच तोंड उघडलं. "पोरी, चहा टाकलाय. पडद्याखालून पेला देते, की दारावरून येऊ?"

रम्ला आधी हसली आणि मग रडली. तिचं सगळं असंच असायचं, हसणं आधी.

भिंतीलाही कान असतात म्हणतात. मी तर भिंतही नाही, नुसता कान. म्हणून सांगतो, अर्ध्या हॉलमध्ये जसा सुखाचा संसार मी पाहिला, तसा पुरा फ्लॅट घेणाऱ्यांचाही नसेल. तिच्या वाट्याला फ्रीजचा एक कप्पा होता आणि शेगडीची ठरलेली पाळी. पण दुपारच्या पाळीत ती तांदळाच्या पत्तिरी लाटायची, चार ब्रह्मचाऱ्यांना विकायची आणि त्यातून भाजीचा खर्च काढायची. मासळी आणायची ती बाजार उठता उठता, भाव पडल्यावर. सुबैर म्हणायचा, "एवढ्या भाड्यात गावाला अख्खं घर मिळेल, वर दोन माड." ती म्हणायची, "माडाखाली तुम्ही नसता ना!"

भांडणाची मात्र पंचाईत होती. पडद्याआड कसलं भांडता? आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी. मग त्यांनी युक्ती काढली. सुबैर खाली गाड्या लावतात तिथे जायचा आणि तिथून तिला फोन करायचा. तो खाली तावातावानं बोलायचा, ती वर "हं… हं… नाही… मुळीच नाही" एवढंच. भांडण मिटलं की येताना तो केळ्याची भजी आणायचा. पुडी दिसली की पलीकडून विजयन म्हणायचा, "आज कोण हरलं?"

रम्ला भेटीच्या व्हिसावर आली होती. मुदत संपायच्या आत पैसे भरले की मुदत वाढायची. दुकानाच्या मालकानं शब्द दिला होता, वर्ष सरताना पगार वाढवतो, मग बायकोचे कायमचे कागद कर. ठरावीक पगाराखेरीज ते होत नाहीत. तोवर कसंबसं टिकून राहायचं होतं, एवढंच. मुदत वाढवण्याचे पैसे सुबैर दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात साठवायचा. रम्ला रोज तो डबा उचलून बघायची. वजनावरून तिला कळायचं, आपलं इथलं राहणं किती पिकलंय ते.

आणि रोज संध्याकाळी गावाहून उम्माचा फोन यायचा. सुबैरची आई. फोनमध्ये चेहरा दिसायचा, म्हणून रम्ला नीट ओढणी घेऊन बरोबर माझ्यापुढे बसायची. कपाट, बॅग, दोरीवरचे कपडे काही दिसू नये म्हणून. दिसायची ती फक्त फुलं.

"केवढा मोठा पडदा गं! खिडकी केवढी असेल!" उम्मा पहिल्याच दिवशी म्हणाली.

रम्लानं सुबैरकडे पाहिलं. तो मान खाली घालून नख खात होता. नवऱ्याची लाज म्हणजे आपली लाज, अशा घरात वाढलेली ती. "हो उम्मा," ती म्हणाली, "मोठी आहे."

"मग उघड की. बघू दे मला."

"समोरच्या इमारतीत पुरुष असतात, उम्मा. सारखे बघतात."

"मग नको, नको उघडू. शहाणी गं माझी पोर!"

एवढ्यात विजयनचा टेबलफॅन माझ्याकडे वळला आणि मी फुगलो. "काय वारा आहे!" उम्मा म्हणाली. "समुद्राचा," रम्लाच्या तोंडून निघून गेलं. पलीकडे विजयनला हसू आवरेना म्हणून चेचीनं त्याच्या तोंडावर उशी दाबली, तरी तो फसकन हसलाच. "कोण गं ते?" "शेजारचे, उम्मा. इथल्या भिंती फार पातळ." फोन बंद झाल्यावर दोन्हीकडची माणसं पोट धरून हसली. मीही त्यांच्यात होतो. खिडकी नसलेल्या पडद्याला कुणीतरी समुद्र दिला होता. मला काय वाईट वाटणार?

पण उम्माच्या मनात तो समुद्र राहिला. ती बाई वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मुलगा कुठे राहतो हे तिला कळलं असतं, तर तिनं कानातलं काढून पाठवलं असतं. पण तिला दिसलं ते एवढंच, की पोराला देवानं भरभरून दिलंय. तिनं चारचौघांत सांगितलं. आणि सुबैरच्या धाकट्या बहिणीला, जसीलाला, मोठ्या घरचं स्थळ आलं.

त्या संध्याकाळी उम्माचा चेहरा आनंदानं फुलला होता. "मोने, बाळा, त्यांनी विचारलं, भाऊ काय करतो. मी म्हटलं, फ्लॅट आहे, समुद्राकडे खिडकी आहे. लगेच हो म्हणाले! आता एवढ्या मोठ्या घरात पोरगी द्यायची, तर पन्नास पवन, म्हणजे चाळीस तोळे सोनं तरी अंगावर घालायला हवं." मग जरा थांबून म्हणाली, "झेपेल ना रे? नाही तर मी त्यांना स्पष्ट सांगते, आमच्यानं व्हायचं नाही. मला कसली लाज?"

रम्ला सुबैरच्या शेजारीच बसलेली. तिनं हात मागे नेला आणि मला मुठीत धरलं. किती घट्ट धरलं, काय सांगू! एक हिसका, आणि तारेवरून सरकून मी सबंध बाजूला झालो असतो. उम्माला दिसलं असतं सगळं: विजयनचा पंखा, चेचीचा वाळत घातलेला परकर, हंडे, पेट्या. मी वाट पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मला कुणीतरी ओढावं.

सुबैरनं फोन जरा वर धरला, म्हणजे खालचं दिसू नये, आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट पकडलं. मान अगदी थोडी हलवली. नको.

"झेपेल, उम्मा," तो म्हणाला.

रम्लानं मला सोडलं. चुण्या तशाच राहिल्या.

मग तो खाली गेला आणि त्यानं रोजच्यासारखा फोन केला. रम्ला थोडा वेळ "हं, हं" करत राहिली. आणि मग एकदम ओरडली. सगळा फ्लॅट ऐकत होता, तिला पर्वा नव्हती. "मला जायचं नाहीये! ऐकताय ना? फ्लॅट नको, खिडकी नको, मला इथंच राहायचंय! उम्मानं विचारलं होतं ना तुम्हाला, सरळ विचारलं होतं!"

त्या दिवशी भजी आली नाहीत. सोन्यापायी डबा रिकामा झाला, वर कुरियन अच्चायनकडून उसने, मालकाकडून उचल. उचल घेतल्यावर पगारवाढीचं नाव कोण काढणार? व्हिसाची मुदत संपत आली तशी शैलजाचेची एकदा पडद्याच्या कडेनं डोकावून म्हणाली, "सुबैर, अजून सांग घरी. आई आहे ती, काय खाणार आहे का तुला?"

"आता कसं सांगू, चेची? सोनं खरेदी झालं."

जायच्या दिवशी रम्लानं शेगडी घासली, फ्रीजचा कप्पा पुसला. सुबैर टॅक्सी बघायला उतरला तेव्हा तिनं माझ्यात तोंड खुपसलं. रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून माझाच एक काठ दातांत धरला. पलीकडून चेचीला कळलं. तिनं नेमकं त्याच जागी आपला तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. दोघींच्या मधे मी एकटा होतो. मी कापड आहे, मला हाडं नाहीत, नाही तर त्या दिवशी मोडली असती.

अर्धा हॉल सुबैरला एकट्याला परवडणारा नव्हता आणि कुणाला हवा होता? तो पुन्हा जुन्या खोलीत आला, पुन्हा खालच्या बाकावर. मला कात्रीनं मधोमध कापलं आणि पलंगाभोवती बांधलं. पिठाचा, घामाचा वास येतो मला आता. वरच्या बाकावरचा माणूस उतरताना माझ्यावर पाय पुसतो. रात्रपाळीचे लोक दिवसा झोपतात, म्हणून सुबैर दबक्या आवाजात बोलतो. फोन मात्र रोज येतो, आणि माझ्यापुढे बसूनच तो घेतो.

मागच्या शुक्रवारी उम्माजवळ पाहुण्या बायका बसल्या होत्या, जसीलाच्या सासरच्या. फोन सगळ्यांकडे फिरला. कुणीतरी विचारलं, "सून का बरं परत आली?"

"नशीब लागतं," उम्मा म्हणाली. "एवढं घर, एवढा वारा. पण हिला नवऱ्याजवळ नांदता नाही आलं. आमच्या वेळी असं मिळतं तर आम्ही पाय निघू दिला नसता."

मागे रम्ला चहाचे पेले गोळा करत होती. ती वाळली होती. तिनं मान वर केली नाही. "मलाच करमेना तिकडे, उम्मा," ती म्हणाली.

"ऐकलंस, मोने?"

सुबैर फोनकडे बघत होता. माझ्या अंगाला त्याची पाठ टेकली होती.

"हो, उम्मा," तो म्हणाला.

मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडलो असतो. नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरचं कुणी परमुलखात असेल, आणि फोनवर त्याच्या पाठीमागे रोज एकच सुंदर पडदा दिसत असेल, तर त्याचं कौतुक करू नका. "झेपेल ना?" असंही विचारू नका, तो होच म्हणणार. त्याला म्हणा, "बाळा, तो पडदा सार. मागे काय असेल ते असो, आम्ही बघतो." आणि शेजारी तोंड मिटून पेले उचलणारी त्याची बायको असेल, तर तिला आधी जवळ बसवून घ्या.