जामसरची बातमी

गौरा गेल्याचे कळले तेव्हा ती मोखाड्याच्या बाजारात बोलत होती.

भोंगा मिठाईच्या दुकानाच्या खांबाला बांधलेला होता आणि खाली बॅटरी, टेपरेकॉर्डर घेऊन तिचा नवरा पुंजा बसला होता. जव्हारच्या 'आपली हाक' नावाच्या गटाचे हे काम. वीटभट्टीवरच्या, रस्त्याच्या कामावरच्या माणसांच्या, शाळा सोडलेल्या पोरांच्या हकिगती कॅसेटमध्ये भरायच्या आणि बाजारोबाजारी ऐकवायच्या. कॅसेटमध्ये बोलायची गौरा. "ऐका गा, मी जामसरची गौरा," असा आवाज आला की मिरचीवालीसुद्धा तराजू हातात धरून थांबायची.

गौराचा भाऊ जिवा वाळूच्या ट्रकमधून उतरून धावत आला. "दाजी, चला. गौरा गेली. सरपण काढताना साप चावला."

पोशेऱ्याची फागीमावशी, गौराच्या आईची बहीण, शेजारीच कंद विकायला बसली होती. तिने जिवाचे तोंड हुंगले. "दिवसाढवळ्या घेऊन आलास? गेली म्हणे! ही काय बोलते वर!"

"मावशी, ते डब्यातलं हाय."

"डब्यात का असंना, बोलते ना?"

आजूबाजूची माणसे हसली. वर गौरा रोजगार हमीची मजुरी कशी मागायची ते ठणकावून सांगत होती, खाली तिचा भाऊ रडत होता. पुंजाने टेप बंद केला. तरी मावशी उठली नाही. कंद विकून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी जामसरला आली तेव्हा राख गार झाली होती. पोशेऱ्याचे कोणीच वेळेवर आले नाही. सगळ्यांनी तिला कानांनी ऐकले होते.

गटाची माणसे मात्र वेळेवर आली. त्यांच्याकडे जीप होती.

या जीपचे पुंजाला दिवसकार्य झाल्यावर कळले. ड्रायव्हर बाबल्या विडी मागायला म्हणून आला आणि ओट्यावर बसून राहिला.

"जिवानं दुकानातून फोन केला तेव्हा मी हापिसातच होतो," तो म्हणाला. "गाडी धुऊन उभी होती. सुदर्शननं फोन घेतला, पाठवतो म्हणाला. मी चावी मागितली. तर म्हणतो, आधी मुंबईचे पाहुणे येतील, त्यांना विश्रामगृहावर सोड, मग जा. पाहुणे आले. चहा झाला. मग त्यांना धबधबा बघायचा होता."

"आणि मग?"

"मग गेलो जामसरला. तवर अंगावर कापड घातलेलं."

जिवाने पुंजाला आधीच सांगितले होते, की तिला डांबरीवर आणून ठेवल्यावर भाजीचा एक टेम्पो थांबला होता. आपली गाडी येते आहे म्हणून त्यांनीच त्याला जाऊ दिले.

सुदर्शन हा गटाचा प्रमुख नव्हता. गटात प्रमुखच नाही, सगळे सारखे, असे तो प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला सांगायचा. किल्ल्या त्याच्या खिशात असायच्या. एकमेकांना सर, साहेब म्हणायची बंदी होती, सगळे साथी. चहाचे पेले धुणारी बाई साथी आणि पेले तसेच टाकून उठणारेही साथी. मजुरांची दुःखे ऐकताना त्यांचे चेहरे असे काही पडायचे की सांगणाऱ्या मजुरालाच वाटे, यांना जरा पाणी द्यावे.

गौरावर खास कॅसेट काढायचे ठरले तेव्हा पुंजाला जव्हारच्या कार्यालयात बोलावले. प्रतिभा नावाची बाई मजकूर लिहायची. तिने वाचून दाखवले. गौरा म्हणजे डोंगराचा हुंकार होती, मातीची लेक होती, न विझणारी मशाल होती.

"ती मेली कशी ते कुठं हाय?" पुंजाने विचारले.

"आहे ना. 'काळाने तिला आपल्यातून हिरावून नेलं.'"

"काळानं नाय. गाडी आली नाय म्हणून मेली."

एकाने पंखा वाढवला. सुदर्शन खुर्ची पुढे ओढून बसला आणि त्याने पुंजाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "साथी पुंजा, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण बातमी एका माणसाची नसते. प्रश्नाची असते."

"मग प्रश्नच सांगा. गाडी उभी असून का नाय आली?"

"आपण सर्पदंश हा विषय घेऊ," प्रतिभा म्हणाली. "दवाखाने लांब, औषध मिळत नाही..."

"दवाखान्यात औषध होतं. तिथं माणूसच पोचला नाय. दवाखान्याचं नाव कशाला घेता, ताई?"

"गट बदनाम झाला तर नुकसान मजुरांचंच होईल," सुदर्शन म्हणाला.

"वीटभट्टीचा मालक असंच म्हणाला होता. गौरानं त्याची बातमी दिली तेव्हा. भट्टी बंद पडली तर तुम्हीच उपाशी मराल म्हणाला. तेव्हा तर तुम्ही टाळ्या वाजवल्या."

यावर सुदर्शनने सगळ्यांचे मत घेतले. गटात मतदान नसे, सहमती असे. सगळे सुदर्शनकडे बघत आणि सहमती होई. त्या दिवशी असे ठरले की पुंजाने स्वतःच्या तोंडाने काय हवे ते बोलावे. गट त्याचा आवाज दाबणार नाही. प्रतिभाने डोळे पुसले. सुदर्शनने त्याला मिठी मारली. टेप चालू झाला आणि पुंजाने सगळे सांगितले: फोन, पाहुणे, चहा, धबधबा, टेम्पो. शिवी एकही दिली नाही. गौरा म्हणायची, शिवी दिली की लोक शिवीच ऐकतात.

पुढच्या बाजाराला भोंगा पुंजानेच बांधला. जिवाला त्याने मुद्दाम बोलावले होते. फागीमावशीही टोपली सोडून जवळ येऊन उभी राहिली. हुंकार झाला, मातीची लेक झाली, मशाल झाली. मग पुंजाचा आवाज आला.

"गौरा माझी बायको. ती आता नाय."

आणि लगेच बासरी वाजू लागली.

"झालं?" मावशीने विचारले. "एवढंच बोललास? बायको होती ना तुझी?"

पुंजाने टेप बंद केला. बॅटरीच्या पेटीवर चढून तो तोंडाने सांगू लागला. पण तो गौरा नव्हता. कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचेना. टेम्पो आधी आला, फोन मागून. समोर बसचा कंडक्टर हाका मारत होता. "गाडी कोणाची होती रं?" एकाने विचारले, आणि पुंजा उत्तर देईपर्यंत तो माणूस सुकट विकत घेऊ लागला होता. मावशी आणि जिवा तेवढे शेवटपर्यंत उभे राहिले. मावशीने सुदर्शनचा उद्धार केला, तोही त्याच्या सात पिढ्यांसह. पण सुदर्शन जव्हारला होता.

त्या आठवड्यात पुंजाकडून भोंगा काढून घेतला. गटाची शिस्त मोडली, असे कारण दिले. भांडण नको म्हणून निरोपही बाबल्याकडेच दिला. गटाला पुढे मुंबईत कुठेसे बक्षीस मिळाले. त्याच्या फोटोत जीप आहे, पुढे पाहुणे आहेत. गौराचे ते पहिले वाक्य अजून प्रत्येक कॅसेटला लावतात, कारण तशी बोलणारी दुसरी बाई त्यांना सापडली नाही.

पुंजा अधूनमधून जव्हारला जातो आणि कार्यालयाच्या दारात उभा राहून विचारतो. आत या साथी, चहा घ्या, असे म्हणतात. तो चहा घेत नाही. जामसरला गाडी का आली नाही, ही बातमी 'आपली हाक'ने अजून दिलेली नाही.