कुरकुरीत बियाणं

आम्हा शोशोनींत, अमेरिकेच्या वाळवंटातल्या मूळ लोकांत, घराण्यागणिक चिलगोज्याच्या झाडांचा एक डोंगर असतो. आमचा यंदा ऑगस्टात जळला. आता त्या झाडांचं बियाणं उरलं होतं ते फक्त अर्लेन आत्यानं कॉफीच्या डब्यात राखलेलं. समोर, खाऱ्या मैदानापलीकडे सात मैलांवर दुसरी रांग आहे, पण तिच्यावर चिलगोजा नाही. वाळवंटातले डोंगर म्हणजे बेटं, एकावरचं झाड गेलं की शेजारून येईलच असं नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं.

रविवारी बर्फ पडणार होतं. गुरुवारी सकाळपासून मी राखेत बिया पुरत होते आणि दर दोन मिनिटांनी मान वर करून मायलीला शोधत होते. चार वर्षांची पोर. जळक्या खोडांखाली भोकं, उन्हाला आलेले साप, आणि राखेनं तिला लागलेला खोकला.

दुपारी ती भूक भूक करायला लागली. डब्याच्या तळाशी मूठभर बिया होत्या, त्यातली एक सोलून दिली.

"मम्मी, अजून दे ना. कुरकुरीत आहे!"

माझे हात थांबले. कच्चा चिलगोजा मऊ असतो. कुरकुरतो तो भाजलेला, आणि भाजलेला रुजत नाही.

गाडी कशी हाकली मला आठवत नाही. आरशात सारखी मायली बघत होते, तेवढंच. घरात शिरले तर भाजल्याचा वास आधी आला. आत्या ओव्हनमधून ट्रे काढत होती.

"आत्या, थांब! हे कच्चे होते?"

"मग? बियाणाचा डबा तू नेलास, हा उरलेला. शनिवारच्या जेवणाला रस्सा नको?" तिनं माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. "अगं बाई. तू भाजलेले पेरलेस?"

"खायचा आणि बियाणाचा, दोन्ही डबे सारखे होते!"

"चार वर्षं कॉलेज, आणि डबा हुंगता येईना." ती हसली, मग ट्रे ठेवून तिनं दुसरा डबा उघडला. डब्यात अर्धे कच्चे शिल्लक होते.

शुक्रवारी आम्ही तिघी उजाडताच वर गेलो. उतारावर निळकावळ्यांचा, चिलगोजे वेचून हिवाळ्यासाठी पुरून ठेवणाऱ्या निळ्या पक्ष्यांचा, थवा उतरला होता. मी पुरलेलं एकेक उकरत, गळ्यात भरत होते आणि मैदानावरून पलीकडच्या रांगेकडे उडत होते. माझी चूक सात मैल पार नेऊन नीट पुरणार होते.

मी कुदळ उचलली. आत्यानं ती धरली.

"तू पुरलेस तर ते उकरतील. कच्चे त्यांनाच दे. सगळं पुरलेलं त्यांना कुठं आठवतं? विसरलेलं रुजतं."

"आणि पलीकडेच नेले तर?"

"तर मायली पलीकडे जाईल वेचायला."

"आणि आपला डोंगर?"

आत्यानं कच्च्यांचा डबा माझ्या हातात दिला.

डबा मी सपाट खडकावर पालथा केला आणि मायलीला कडेवर घेऊन मागे सरले. पहिला पक्षी आला. त्यानं एक बी चोचीत फिरवली, टाकली, दुसरी घेतली. उडाला. मैदानाकडे वळला, पुन्हा वळला. मी बघत राहिले. तो खाली, आमच्याच राखेत उतरला.

त्याच्यामागचे सहा मैदानावर गेले. आठवा बी घेऊन आमच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिला.

"मम्मी, आठवा कुठं चालला?"

"थांब," मी म्हटलं, "हलू नकोस."