तीनशे अठरावा भाग

शकुबाईंनी रिमोटमधले दोन्ही सेल काढले, बाजरीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसले आणि वरून हात फिरवून पीठ सपाट केलं. रिकामा रिमोट टीव्हीखालच्या फळीवर, होता तिथेच ठेवला. हात पदराला पुसून त्या परत तव्यापाशी येतात न येतात तोच मोरीचं दार वाजलं आणि आप्पा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

नेहमीप्रमाणे पाट भिंतीला लावून ते टीव्हीसमोर बसले. रिमोट उचलून एकदा दाबला, दोनदा दाबला, मग मांडीवर आपटून पाहिला.

"अगं, हे चालंना."

"बिघडलं असंल. ऱ्हाऊ द्या आजच्या दिस. जेवून जरा आडवं व्हा."

आप्पांनी रिमोटची पाठ उघडली. आत पाहिलं. गुडघ्यावर हात रोवून उठले, भिंतीवरचं घड्याळ काढून त्यातला सेल घेतला आणि घड्याळ परत टांगलं. दुसरा कपाटावरच्या गजराच्या घड्याळातून घेतला. त्या घड्याळाने एकतीस वर्षं त्यांना पहाटे अडीचला उठवलं होतं. आता त्याला नुसतं उभं राहण्याचंच काम होतं. दोन्ही घड्याळं एकला दहा कमी असताना थांबली.

"येळ बघून आता कुठं जायाचंय," आप्पा म्हणाले आणि टीव्ही लागला.

आज भाग तीनशे सतरा आणि तीनशे अठरा.

'आंबेगावकरांचा बंगला' ही मालिका लागायची तेव्हा कामोठ्यातलं हे घर म्हणजे एकच खोली आणि स्वयंपाकघर होतं. आप्पा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. रात्री गाड्या लागायच्या, पहाटे गोण्या उतरायच्या. म्हणून माणूस संध्याकाळी साडेसातला जेवून झोपायचा आणि मालिका आठला सुरू व्हायची. एका खोलीत झोपलेल्या माणसाच्या उशाशी टीव्ही कसा लावणार? शकुबाई दाराला बाहेरून कडी घालून खालच्या मजल्यावर हलिमाकडे जायच्या. दोघी पाय पसरून बघायच्या, गीतांजलीच्या सासूला शिव्या द्यायच्या आणि साडेआठला उठायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा मार्केटातून यायचे, अंघोळ करून ताटावर बसायचे आणि पहिला घास मोडताना विचारायचे, "मग? काल काय झालं?"

शकुबाई भाकरी थापता थापता सांगायच्या. आवाज बदलून, मान वेळावून, सासू बोलली तशी बोलून. आप्पांनी सहाशे भागांतला एकही पाहिला नव्हता, पण माथाडींच्या टोळीत कुणाला विचारा, आंबेगावकरांच्या घरातली खडानखडा माहिती त्यांनाच. आणि सांगणारी बाई हाडाची असली की ऐकणाऱ्याला पडदा लागत नाही.

मालिकेतले भाऊसाहेब आंबेगावकर पुण्यातले बडे आसामी, अकरा हॉटेलांचे मालक. त्यांच्या मुलीने, गीतांजलीने, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि त्यांनी तिच्याशी नातं तोडलं. हे नाट्य पडद्यावर सुरू झालं त्याच्या आधी काही महिने ते शकुबाईंच्या घरात होऊन गेलं होतं. त्यांच्या लेकीने, सुनयनाने, सारसोळ्याच्या रूपेशशी लग्न केलं. पोरगा चांगला, शिकलेला, बँकेत चिकटलेला, पण कोळ्याचा. साताऱ्याकडचे पाहुणे काय म्हणतील, या एका वाक्यावर आप्पांनी तोंडाला कुलूप लावलं. सुनयनाचा फोटो भिंतीवरून गेला. तिचं नाव काढलं की आप्पा ताटावरून उठायचे.

पण गीतांजलीचं नाव काढलं की उठायचे नाहीत. "चुकलं पोरीचं," एवढंच म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे. शकुबाईंनी हे बरोबर हेरलं.

भाग तीनशे अठरामध्ये भाऊसाहेब मेले. पोरीचं तोंड न पाहता मेले. गीतांजली फाटकाबाहेर उभी आणि आत तिरडी, असं ते दृश्य होतं. हलिमा ओढणी तोंडात धरून रडली. शकुबाईंच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. सुनयनाला तेव्हा सातवा लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी विचारलं, "मग? काल काय झालं?"

शकुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "काल भाऊसाहेब गेलं की पोरीकडं."

"आँ?"

"गेलं. कुणाला न सांगता. गुळाची ढेप घेतली खांद्यावर आन् तिसऱ्या मजल्यावर चढलं. लिफ्ट न्हाई तिच्यात. गॅलरीत निळं जाळं वाळत घातलेलं, त्याच्याखालनं वाकून आत गेलं. पोरगी नुसती बघत ऱ्हायली. त्ये म्हणलं, गूळ आणलाय. बाळंतिणीला लागंल. बास, येवढंच बोललं."

आप्पा बराच वेळ चावत बसले. मग ताट सरकवून हात धुतले आणि झोपले. तीन दिवस काहीच घडलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी ते मार्केटातून घरी आलेच नाहीत. संध्याकाळी आले ते कोलंबीचं कालवण जेवून, आणि म्हणाले, "बारीक झालीय सुनी."

त्यानंतर बारशात, पाचवीला, रूपेशच्या बहिणीच्या हळदीत, जिथे म्हणून माणसं जमली तिथे आप्पांनी ती गोष्ट सांगितली. "आवो, अकरा हाटेलांचा मालक पोरीच्या दारात गेला. मग मी कोण लागून गेलो?" लोक माना डोलवायचे. शकुबाई ताटं उचलायच्या निमित्ताने आत जायच्या.

इतकी वर्षं हे झाकून राहिलं. आप्पांचे गुडघे गेले, ते घरी बसले, मुलगा कुलदीप कर्ता झाला, दोन खोल्यांचं घर झालं आणि गणपतीत त्याने मोठा टीव्ही आणून त्यावर इंटरनेट घेतलं. सून नंदिनीने शोधाशोध करून मालिका काढून दिली, पहिल्या भागापासून. आप्पा हरखले. रोज दुपारी जेवताना दोन भाग, असा नेम झाला.

"तुमी तर पहिल्यांदाच बघताय आप्पा, पण आईंना कंटाळा नाही येत?" नंदिनीने एकदा विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "मला तर बघितलेलंच बरं वाटतं. पुढं काय होणार ते माहीत असतं, टेन्शन नाही. धक्के काय, रबाळ्याच्या ऑफिसात रोज मिळतात."

शकुबाईंना पुढं काय होणार ते माहीत होतं, म्हणूनच त्यांना झोप लागत नव्हती.

कारण आप्पा बारकाईने बघत होते. "ही तर बुटकी हाय. तू उंच म्हणली हुतीस." "सासूला चष्मा हाय व्हय?" दर भागाला असं एखादं निघायचं. शकुबाई हसण्यावारी न्यायच्या. पण खोट्याच्या बाबतीत हा माणूस कसा होता ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? धाकट्या भावाने, धनाजीने, बहिणीच्या लग्नात एक थाप मारली होती, तर आप्पा अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते. आणि इथे तर बायकोने आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीत फसवलं होतं. बोलणं टाकलं तर त्यांनी सोसलं असतं. पण सारसोळ्याचा तो जिना चढून गेलेला दिवस आप्पांना अभिमानाचा होता. तोच खोट्यावर उभा होता असं कळलं, तर त्या माणसाजवळ उरलं काय असतं?

कालच त्या हलिमाकडे गेल्या होत्या. तिला हे सगळं पहिल्यापासून माहीत.

"दोन भाग पुढं ढकल ना, त्यांना काय कळतंय?" हलिमा म्हणाली.

"आकडा येतो वर. त्ये आकडा बघत्यात."

"मग सांगून टाक." तिने चहा गाळला. "मीपण परत बघतेय मोबाईलवर. पहिल्या वेळी मला गीतांजलीचाच राग यायचा बघ, बापाला झुरवून मारलं म्हणून. आता बघते तर भाऊसाहेबाचा येतो. माणूस तोच, मालिका तीच. आपणच पोरीबाळींच्या बाजूचे झालो."

सांगून टाकायचं शकुबाईंनी रात्री ठरवलं, सकाळी मोडलं आणि दुपारी सेल पिठात घातले.

तीनशे सतरा संपला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे मोजले गेले आणि तीनशे अठरा सुरू झाला. शकुबाई पाठ फिरवून भाकरी थापत राहिल्या. डब्यातून पीठ घेताना बोटांना एक सेल लागला, तो त्यांनी तसाच खाली दाबला. आवाज ऐकू येत होता: डॉक्टर, थोरली सून, शंख. मग गीतांजली फाटकापाशी आली. ती काय बोलणार ते शकुबाईंना पाठ होतं.

भाकरी तव्यावर करपली. त्यांनी उलटली नाही.

मागे सगळं शांत झालं. आप्पांनी टीव्ही बंद केला होता. शकुबाई वळल्या. आप्पांचं ताट अर्धं होतं, हात ताटातच होता आणि ते करपलेल्या भाकरीकडे बघत होते.

"जळली बघ ती."

शकुबाईंनी गॅस बंद केला. मग जमिनीवर, आप्पांच्या समोर बसल्या.

"मी खोटं सांगितलं तुमाला," त्या म्हणाल्या. "त्यो गेलाच न्हवता पोरीकडं. मेला त्यो. मला दुसरं काय सुचलं न्हाई."

आप्पांनी भाजीत घास बुडवला, पण तोंडात घातला नाही.

"अकरा हाटेलांचा मालक," ते म्हणाले. "दारात डायवर उभा. आन् गुळाची ढेप सोता खांद्यावर घिऊन तीन जिनं चढतो?"

आप्पांनी घास ताटात परत ठेवला.

"ढेप खांद्यावर आमी घेतो, शकू. सूटवाला न्हाई घेत. मला ताटावरच हसाय येत हुतं त्या दिशी."

"म्हंजी तुमाला..."

"आन् पुण्यात, गॅलरीत, मासळीचं जाळं?" आता आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू मंगळवारचं देवीला म्हणून कुठं जातीस त्ये मला तवाच समजलं. चौथ्या दिशी जिना चढून गेलो तर व्हतंच त्ये. निळं."

शकुबाईंनी पदर तोंडाला लावला. दर मंगळवारच्या सारसोळ्याच्या बसची तिकिटं त्यांनी ब्लाउजमधून काढून खाडीत टाकली होती, एकही घरी आणलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, तसं इतकी वर्षं त्यांनी एकटीनेच सांभाळलं होतं.

"मग लोकांना कशापायी सांगत फिरलासा? भाऊसाहेब गेला, भाऊसाहेब गेला..."

"मग काय सांगू?" आप्पा म्हणाले. "मला जायाचंच हुतं, असं सांगू? वरीसभर जीव तुटत हुता, असं? टोळीत तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती." त्यांनी ताट बाजूला सारलं. "कुणीतरी आधी गेलेलं पायजे हुतं. तू धाडलास एक जण. बरं केलंस."

शकुबाई रडल्या. तीनशे अठराव्या भागाला पहिल्यांदाच रडल्या. आप्पांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला आणि भिंतीकडे बघत बसले. तिथे घड्याळात अजून एकला दहा कमी होते.

काही वेळाने त्यांनी डोळे पुसले, उठून हात धुतले आणि करपलेली भाकरी बाजूला ठेवून नवा गोळा मळायला घेतला.

"लावू का परत?" त्यांनी विचारलं. "पुढचा भाग?"

"नगं. ह्या टीव्हीवाल्यांना काय सांगता येत न्हाई." आप्पांनी उघडा सदरा जरा सावरला. डाव्या खांद्यावर, गोण्यांनी उठवलेला, लिंबाएवढा घट्टा होता. अंघोळीनंतर तिथे तेल लावायची शकुबाईंची सवय होती, आज ती राहून गेली होती. "तू सांग. जिना चढतोय तिथनं."

शकुबाईंनी पिठाचा हात झटकला. गोळ्याला पाणी लावलं. थापायला सुरुवात केली.

"मग भाऊसाहेबांनी ढेप घेतली खांद्यावर..."

"कंच्या खांद्यावर?"

"डाव्या," शकुबाई म्हणाल्या.