बावीस शून्यं

जळगाव जामोदच्या आमच्या कॉलेजात मी एकवीस वर्षं साहित्य शिकवतो. कॉपी मी एका नजरेत ओळखतो, असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवला, हा भाग वेगळा.

यंदा चाचणीत एका ग्रीक शोकांतिकेतलं वाक्य स्पष्टीकरणाला दिलं होतं. म्हातारा सेवक राजाला म्हणतो, 'साऱ्या नगराचा न्याय करतोस, पण तुझ्या दाराशी उभा असलेला अन्याय तुला दिसत नाही.' तेवीस पेपर आले. त्यातल्या बावीस जणांनी लिहिलं होतं, 'सत्तेच्या झगमगाटाने राजाचे अंतःचक्षू दिपून गेले होते.' काना-मात्रेचा फरक नाही. एवढं भरदार वाक्य आमच्या पोरांचं असणं शक्यच नव्हतं. माझं डोकं फिरलं. बावीस जणांना शून्य दिलं आणि त्यांना परीक्षेला बसू देऊ नये, अशी यादी प्राचार्यांसाठी करून खिशात घातली.

उरला वंदनाचा पेपर. शेतकऱ्याघरची पोर, कापूस वेचणीपायी पंधरा दिवस वर्गात नव्हती. तिला दहापैकी दहा दिले आणि तिचं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं: 'राजा वाईट नव्हता. पण तो फार रागीट होता, म्हणून त्याला खरं सांगायला सगळे भीत होते. त्याच्या आंधळेपणात त्या गप्प बसणाऱ्यांचाही वाटा आहे.'

याला म्हणतात स्वतःचं डोकं, असं म्हणून मी उरलेल्यांना सोलून काढलं. कुठल्या गाइडमधून उतरवलं ते विचारलं. पोरं खाली बघत राहिली. पहिल्या बाकावरचा शिवम तर घामाघूम झाला होता.

वंदना उभी राहिली. स्वतःचंच उत्तर ऐकल्यावर तिला गप्प बसवेना, हे तिनं मला नंतर सांगितलं.

"सर, गाइड नाही हो ते," ती म्हणाली. "मी नोती ना, म्हणून चाचणी झाल्यावर काल शिवमची वही उतरायले नेली होती. ते वाक्य तुमीच सांगेल हाय. खाली लिहेल हाय, एकही शब्द बदलाचा नाही."

शिवमनं वही पुढे केली. सांगून मी साफ विसरलेलं माझंच वाक्य, माझीच तंबी, तारखेसकट. खिशातल्या यादीनं मी या पोरांचं वर्ष वाया घालवलं असतं. मग मला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. आपण हसावं की नाही, हे वर्गाला कळत नव्हतं. मी यादी फाडली तेव्हा कळलं.

शिवमनं हळूच विचारलं, "सर, मंग त्या वाक्याले किती मार्क?"

मी ते पुन्हा वाचलं. दुसऱ्याचं समजून वाचलं तेव्हा भरदार वाटलं होतं, आता नुसता झगमगाट दिसत होता.

"चार," मी म्हणालो. "तुमची चाचणी परत घेऊ. हे चार माझे."

शिवमच्या वहीतल्या त्या वाक्यापुढे मार्क लिहायला लाल पेन वंदनाच्या हातात दिला. तिनं चार लिहिले की पाच, म्हणून मी वाकून पाहिलं. चारच होते.