बिनआवाजाची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी सात आसनांची गाडी आहे. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, ‘कानांची तपासणी’ अशी पाटी लावलेल्या घरासमोर मी उभी असते. माझा पांढरा रंग आता दुधावरच्या सायीसारखा पिवळसर झाला आहे. मागच्या बंपरवर एका रिक्षाने दिलेली खूणही आहे. पण नीट पाहिलंत तर माझ्या अंगावर दोन झाकणं दिसतील. एका झाकणातून माझ्यात पेट्रोल भरतात आणि दुसऱ्यात घरातल्या विजेची वायर जोडतात. जवळच्या फेऱ्या मी बॅटरीवर मारते, तेव्हा माझा आवाज जवळजवळ येतच नाही. बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. अशा गाडीला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. आमच्या गल्लीत मात्र मला सगळे ‘दोन्हीवरची’ म्हणतात.

माझा जन्म दूरदेशीच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी हातांनी मला जोडलं, पण माझा बाजूला सरकणारा दरवाजा शेवटी एका बाईंनी स्वतःच्या हाताने उघडून-लावून पाहिला आणि मगच मला पुढे पाठवलं. बोटीतून मी मुंबईला उतरले. तिथून ट्रेलरवर उभी राहून, घाट पाहत पाहत कोल्हापुरात आले. हायवेलगतच्या एका शोरूममध्ये मला ठेवलं. मला वाटलं, आता कुणाचं तरी घर मिळेल. पण माझ्या काचेवर ‘चाचणीसाठी’ अशी पट्टी चिकटवली गेली. म्हणजे मला चालवून पाहायचं आणि परत आणून लावायचं.

लोक हौसेने येत. माझी सगळी बटणं दाबून पाहत. पोरं मागच्या सीटवर भडंग खात, ते सीटच्या घडीत सांडत.

“पावणं, ही नक्की चालती कशावर?” लोक विचारत.

“दोन्हीवर,” शोरूममधला माणूस सांगे.

“म्हंजे दोन घरचा पाहुणा उपाशी की,” असं म्हणून लोक हसत आणि डिझेलच्या गाडीकडे वळत.

असं बरेच दिवस चाललं. मग नवी मॉडेलं आली. मला गाड्या धुण्याच्या जागेमागे नेऊन लावलं. माझ्यावर धुळीचा थर बसला आणि त्यावर कुणीतरी बोटाने मांजर काढलं. मला बाहेरच्या जिल्ह्यात पाठवून विकून टाकायचं ठरलं, हेही माझ्या कानावर आलं.

तेवढ्यात भैरवीताई आल्या. त्या कान तपासतात आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना श्रवणयंत्र बसवून देतात. राजारामपुरीत त्यांचं केंद्र आहे, पण खेड्यापाड्यांतले लोक एवढ्या लांब येत नाहीत. म्हणून त्या स्वतः गडहिंग्लज, आजरा, कबनूर अशा गावी जाऊन शिबिरं घेत. त्यांच्या छोट्या गाडीत यंत्रांच्या पेट्या ठेवल्या की दोन मदतनीस मुलींना बसायला जागा उरत नसे. घरातली माणसंही पाच. त्यांचे पती पृथ्वीराज एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत. ते म्हणाले, “घरात दोन गाड्या उभ्या करायला जागा न्हाय. एकच घ्यायची, तर ती तुझ्या कामाला चालली पाहिजे आणि घरालाबी. तशी मिळत नसंल तर शिबिरं बंद करून केंद्रावरच बस.”

भैरवीताईंनी मला आठवडाभर चाचणीला नेलं. काचेवरची धूळ पुसताना त्यांनी ते मांजर मात्र शेवटी पुसलं.

घरी माझी पहिली परीक्षा सासूबाईंनी, बनाबाईंनी घेतली. त्यांचे गुडघे दुखत. कुठल्याही उंच गाडीत चढताना त्यांना दोघांनी धरावं लागे. माझा दरवाजा सरकला, पायरी खाली दिसली आणि त्या एकट्याच आत येऊन बसल्या. बसल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, “मी काय उतरत न्हाय आता. कुठंतरी न्या.”

दुसरी परीक्षा त्यांच्या यजमानांची, आकाराम आप्पांची. आप्पांनी उभं आयुष्य कबनूरला यंत्रमागावर काढलं होतं. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले होते. पण ते मान्य करत नसत. “माझं कान चांगलं हाईत. तुमीच पुटपुटताय,” असं म्हणत. सून कानांचीच तपासनीस, तरी त्यांनी तिला कधी कानाला हात लावू दिला नव्हता. गाडी सुरू आहे की नाही हे ते बॉनेटवर तळहात ठेवून ओळखत. माझ्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला आणि मान हलवली.

“बंद हाय,” ते म्हणाले.

“सुरू हाय, आप्पा,” पृथ्वीराज मोठ्याने म्हणाले.

“मग थरथर कुठाय? जितं माणूस निपचित पडल्यागत वाटतंय.”

सगळे हसले. नात अंतरा, दुसरीत शिकणारी, आजोबांच्या शेजारी येऊन हळूच काहीतरी म्हणाली. आप्पांना ते कळलं नाही. ते म्हणाले, “व्हय, जेवलोय की.” पुन्हा सगळे हसले. या वेळी आप्पा हसले नाहीत. ते आत निघून गेले. अंतराने विचारलं होतं, “आजोबा, तुम्ही माझ्याजवळ बसणार?”

नंतर घरचे सगळे मिळून आजऱ्याला पाहुण्यांकडे गेलो. माझ्यातल्या खोडीही तेव्हाच दिसल्या, त्या मी लपवणार नाही. गडहिंग्लज यायच्या आतच माझी बॅटरी संपली आणि पुढे सगळी वाट पेट्रोलवर चालावी लागली. शेवटच्या सीटवर मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला टेकतात. पाहुण्यांनी दिलेलं काजूचं पोतं मागे मावेना, तेव्हा पृथ्वीराजांनी ते मांडीवर घेऊन कोल्हापूर गाठलं. तरीही उतरताना ते भैरवीताईंना म्हणाले, “बघूया. वाईट न्हाय.” एवढं ऐकून मला केवढं बरं वाटलं.

आणि नेमकं त्यानंतरच ते घडलं.

सकाळची वेळ होती. पृथ्वीराज मला गल्लीतून मागे घेत होते. मी बॅटरीवर होते, त्यामुळे आवाज नव्हता. माझ्यामागे आप्पा खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होते. मी मागे येताना माझ्यातून इशाऱ्याची बारीक शिट्टी वाजते, ती वाजली. आप्पांनी मान वर केली नाही. मागे काही आडवं आलं की आत वाजणारी माझी घंटीही वाजू लागली, पण पृथ्वीराजांना वाटलं, ती मागच्या कुंड्यांसाठीच वाजतेय. तेवढ्यात गॅलरीतून अंतरा किंचाळली, “आजोबा.” पृथ्वीराजांनी ब्रेक दाबला. मी थांबले तेव्हा आप्पांचा सदरा माझ्या बंपरला टेकला होता.

पृथ्वीराज उतरले. भीतीने माणूस रागावतो, तसे ते रागावले. “ऐकू येत न्हाय तर गाडीच्या मागं कशाला उभारताय?” भर गल्लीत ते ओरडले. शेजारपाजारची माणसं दारात आली होती. एक चप्पल पायात आणि एक हातात अशी घेऊन आप्पा आत गेले. दुपारी ते जेवायलाही आले नाहीत.

संध्याकाळी पृथ्वीराज म्हणाले, “भैरवी, तुझ्या कामाला ही चांगली असंल. पण घरात आप्पा हाईत. अशी बिनआवाजाची गाडी दारात नको.”

भैरवीताईंनी वाद घातला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरही तो टेकलेला सदरा होता. “उद्याचं कबनूरचं शिबिर तेवढं उरकते,” त्या म्हणाल्या. “मग परत देऊ.”

मित्रांनो, माझ्यात काही बिघाड असता तर मी समजून घेतलं असतं. पण जो माझा गुण म्हणून सांगितला जात होता, तोच त्या घरात धोका ठरला होता. आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना आप्पा येऊन पुढच्या सीटवर बसले. “गुंडूला भेटून येतो,” एवढंच म्हणाले. गुंडू म्हणजे त्यांच्या शेजारच्या मागावर काम केलेला जोडीदार.

कबनूरला शिबिरासाठी शाळेची खोली मिळाली होती. पण खोलीच्या तीन बाजूंना यंत्रमाग चालू होते. कान तपासताना हेडफोनमधून अगदी बारीक सूर सोडतात आणि तो ऐकू आला की बोट वर करायचं असतं. त्या खडखडाटात चांगल्या कानांनाही तो सूर लागेना. मागवाले बिचारे रजा टाकून, स्वच्छ सदरे घालून आले होते. भैरवीताईंनी खिडक्या लावून पाहिल्या, सतरंज्या टांगून पाहिल्या. शेवटी त्या बाहेर येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग त्यांनी मला गावाबाहेर, उसाच्या फडांमधल्या मोकळ्या जागेत नेलं. दरवाजे लावले, पंखाही बंद केला. माझ्या मधल्या सीटवर एकेका माणसाला बसवून त्या तपासू लागल्या. बाकीचे बांधावर बसून आपली पाळी येण्याची वाट बघत होते.

“बाई, सोडा की शिट्टी,” एक आजोबा म्हणाले.

“दोनदा सोडली, काका.”

आजोबांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. “आता सोडाल तवा सांगू नका,” ते हळूच म्हणाले. “मी नीट बसतो.”

ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांना पुढच्या तपासणीसाठी केंद्रावर यायला सांगितलं. गुंडूकाकाही बसले. बाहेर आल्यावर ते आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “बारीक आवाज गेल्यात म्हणती तुझी सून. यंत्र लावाय लागतंय.”

“मग?” आप्पांनी विचारलं.

“मग काय, लावायचं. चष्मा लावतोय न्हवं आपण? त्यात लाज कसली?”

गुंडूकाका घरी गेले. बाकीचेही पांगले. मदतनीस मुली पेट्या आवरू लागल्या. आप्पा बांधावरून उठले, माझ्या मधल्या सीटवर येऊन बसले आणि बाहेर बघत म्हणाले, “भैरवी, माझंबी बघ.”

भैरवीताईंनी इतकी वर्षं जे मागितलं होतं, ते असं अचानक मिळालं. त्यांनी फक्त हेडफोन आप्पांच्या कानांवर ठेवला आणि दरवाजा सरकवला.

सुरुवातीचे जाड आवाज आप्पांना ऐकू आले. बोट पटापट वर गेलं. मग सूर बारीक होत गेले. बोट गुडघ्यावरच राहिलं. भैरवीताई आवाज वाढवत होत्या, आप्पा डोळे मिटून वाट पाहत होते. दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या सीटची कड घट्ट धरली होती. ती पकड फक्त मला जाणवत होती.

“सुरू कर की,” शेवटी ते म्हणाले.

भैरवीताईंनी हेडफोन काढून घेतला. “झालं, आप्पा,” त्या त्यांच्यासमोर तोंड आणून म्हणाल्या.

आप्पा समजले. बाहेर उसाची पानं हलत होती, तिकडे त्यांनी तोंड वळवलं. “अंतराचा आवाज बारीक हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला वाटायचं, पोरगी मुद्दाम नुसती ओठ हलवती. माझी चेष्टा करती.”

घरी आलो तेव्हा पृथ्वीराज मला परत न्यायच्या तयारीत होते. त्यांनी चावीसाठी हात पुढे केला. आप्पांनी भैरवीताईंच्या हातातली चावी आपल्या खिशात टाकली.

“ही ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.

“आप्पा, काल काय झालं बघितलंसा न्हवं?”

“काल ही गाडी वाजत हुती. मला ऐकू आलं न्हाय. दुरुस्ती करायची तर माझ्या कानाची करूया. तिला कशाला घालवतोस?”

पृथ्वीराजांनी पुढे केलेला हात मागे घेतला. “काल मी लई बोललो,” ते म्हणाले.

“बोललास,” आप्पा म्हणाले. “तेवढं मातुर झाडून सगळं ऐकू आलं.”

अशी मी त्या घरची झाले. काचेवरची पट्टी अंतराने नखांनी खरवडून काढली. तेव्हापासून मागे घेताना एकाने उभं राहायचं, हा घरचा नियम झाला. तो आजही मोडलेला नाही. आठवडाभर मी शिबिरांना जाते, आणि कित्येक गावांत लोक माझ्या मधल्या सीटवर बसून बोट वर करतात. सुट्टीच्या दिवशी मी घरच्यांना फिरवते. काजूचं पोतं अजूनही मागे मावत नाही. आता माझी बॅटरीही पूर्वीइतकी टिकत नाही.

पण मित्रांनो, माझं सगळ्यात आवडतं काम वेगळंच आहे. श्रवणयंत्र आल्यावर आप्पांना सुरुवातीला त्याचा वीटच आला. भांडी, मिक्सर, टीव्ही, गल्लीतल्या मोटारसायकली, सगळं एकदम कानात शिरे आणि माणसाचं बोलणं त्यात बुडून जाई. एके दिवशी वैतागून ते माझ्यात येऊन बसले आणि दरवाजा लावून घेतला. त्यांना शोधत बनाबाई आल्या, त्याही आत बसल्या. आतापर्यंत त्या नवऱ्याशी ओरडूनच बोलत आल्या होत्या. सवयीने त्या ओरडल्या, “अवं, च्या निवतोय.”

आप्पांनी कानावर हात ठेवला. “हळू बोल,” ते म्हणाले. “ऐकू येतंय मला.”

बनाबाई थांबल्या. मग हळू बोलल्या. आप्पांनी उत्तर दिलं. चहा गार होऊन गेला तरी दोघं बोलत होते.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की ती दोघं माझ्यात येऊन बसतात. कुठे जायचं नसतं. पेट्रोलही जळत नाही आणि बॅटरीही उतरत नाही. कधी माहेरच्या गोष्टी निघतात, कधी आमटीत मीठ जास्त पडल्यावरून वाद होतो.

तुमच्या घरीही एखादी म्हातारी व्यक्ती सारखं ‘काय? काय?’ विचारत असेल. तिला हसू नका आणि ‘काही नाही, जाऊ दे’ असंही म्हणू नका. तिच्यासमोर जा, तुमचं तोंड दिसेल असं उभे राहा आणि पुन्हा सांगा. नाहीतर तिला वाटेल, तुम्हाला तिच्याशी बोलायचंच नाही. आणि माझ्यासारख्या जुन्या गाडीचा दरवाजा जरा हळू लावा. आत कुणी बोलत असेल. बनाबाईंचा आवाज मुळात किती मऊ आहे, हे मलासुद्धा त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.