नेकनूरच्या माळावरचा पंख

"जाळायचं म्हंजे? कावून?" पंखावरचा हात न काढताच आश्रुबा सुतारानं विचारलं.

लष्करी मिस्त्री सुंदररावनं रॉकेलचा डबा खाली ठेवला. "हुकूम हाय. इंजिन लॉरीत घालायचं, बाकीचं पेटवून द्यायचं. पंख मोडलेलं इमान काय कामाचं?"

दुसरं महायुद्ध चालू होतं. हैदराबादेकडून उडालेलं हे दोन माणसांचं शिकाऊ विमान इंजिन बंद पडून चार दिवसांपूर्वी नेकनूरच्या माळावर उतरलं होतं. चालवणारा गोरा साहेब विशीतला. त्याला खरचटलंही नव्हतं. इंजिन सुंदररावनं दुरुस्त केलं होतं, पण बांधावर आदळून डावा पंख तुटला होता. पंख लाकडाचा, वरून कापड ताणलेलं. आश्रुबा फाटक्या कापडातून आत वाकून बघत होता. साठीला आलेल्या या माणसानं जन्मभर तिफणी, गाड्या आणि पाळणे केले होते.

"ज्यानं केलंय त्यानं रंधा लई मायेनं मारलाय," तो म्हणाला. "हे जोडायचं सोडून जाळता?"

सुंदरराव घुटमळला. "लॉरीत विलायती लाकूड हाय, चिकटवायचा सरस हाय, कापड हाय. तसला जोड बसवणारा माणूस न्हाई."

"मी बसवतो."

साहेबानं तीन दिवसांची मुदत दिली.

आश्रुबानं तुटक्या टोकांना लांब तिरका काप घेतला. नव्या लाकडाच्या रेषा जुन्या रेषांशी जुळेनात, तेव्हा पहिला तुकडा बाजूला ठेवून दुसरा तासला. सरस वाळेपर्यंत त्यानं कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. त्याची बायको तुळजाबाई गोधड्या शिवण्यात गावात नावाजलेली. कापड तिनं शिवलं. सुंदररावनं वरून उग्र वासाचा लेप दिला, तसं कापड ताशासारखं ताणलं. पंखावर ज्वारीची पोती रचून पाहिली. जोड करकरलासुद्धा नाही.

गावानं टाळ्या पिटल्या. आश्रुबानं मात्र पुढ्यातली भाकरी बाजूला सारली.

"आता काय झालं?" तुळजाबाईनं विचारलं.

"पोती खाली पडली असती तर ज्वारी सांडली असती. त्या गोऱ्या पोराचं तसं न्हाई." तो उठला आणि सुंदररावकडे गेला. "साहेबाला सांगा, आधी एक फेरी मारा. पुढची जागा मोकळी हाय, तिथं मी बसतो."

"याड लागलंय काय तुमाला?" तुळजाबाई मागून ओरडली.

"जोड माझा हाय. त्यानं एकट्यानंच कावून भ्यायचं?"

सुंदररावनं ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला नाही. त्यानं कातडी टोपी आश्रुबापुढे धरली. तुळजाबाईनं नवऱ्याचं पागोटं स्वतःच्या हातानं उतरवलं, टोपीचा पट्टा त्याच्या हनुवटीखाली आवळला आणि पागोटं छातीशी धरून बाजूला झाली.

विमान धुरळा उडवत माळभर धावलं आणि बाभळींच्या वरून निघून गेलं. पोरं बोंबलत मागं पळाली. तुळजाबाई डोळे मिटून उभी राहिली. आवाज लांब गेला, वळला, पुन्हा जवळ आला. चाकं टेकल्याचा धक्का तिला पायांखाली जाणवला, तेव्हाच तिनं डोळे उघडले.

सुंदररावनं आश्रुबाला उतरवून घेतलं. साहेबानं खाली वाकून त्याचा हात हातात घेतला, बराच वेळ हलवला आणि विमान पुन्हा वळवलं. उजाड माळावरून ते हैदराबादेच्या दिशेनं लहान लहान होत गेलं.

लोकांनी आश्रुबाला गराडा घातला. "वरून काय दिसलं वो? बालाघाट दिसला का? बीड दिसलं का?"

"काय की," आश्रुबा ओशाळून म्हणाला. "मी पंखाकडंच बघत होतो."

सगळे हसले. तुळजाबाई हसली नाही. सपाट जमिनीवरही त्याचं पाऊल वाकडं पडलं, ते तिला दिसलं. नवऱ्याच्या शेजारीसुद्धा कधी न चालणाऱ्या त्या बाईनं चारचौघांत त्याचा हात धरला आणि धसकटं चुकवत चुकवत त्याला घराकडे घेऊन गेली.